कंपनीचा फोन, घरातला आवाज

सीमाभागातल्या माणसाला मोबाइलने शिकवलेला पहिला धडा रोमिंगचा. बेळगावहून चंदगडच्या रस्त्याला लागले, बाची मागे पडून शिनोळी आली, की खिशातला फोन टुंग करून महाराष्ट्रात स्वागत करायचा. आपण निघालेले असायचो माहेरी, नाही तर कुणाच्या बारशाला; पण फोनच्या हिशेबी आपण परमुलखात पोचलेलो. दूरसंचाराच्या नकाशात कर्नाटक हे एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. ती रेषा ओलांडली की आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. दोन्ही राज्यांत माणसे फिरवणारा दुकानदार त्या काळी दोन सिम, दोन नंबर आणि दोन प्रकारची व्हिजिटिंग कार्डे बाळगून असे. २०१६-१७च्या सुमारास कंपन्यांनी एकामागून एक देशांतर्गत रोमिंगचा भुर्दंड काढून टाकला आणि ही कटकट संपली. नव्या पिढीला तर ‘रोमिंग लागलंय, ठेव फोन’ या वाक्याचा अर्थही सांगावा लागतो.

याच काळात आणखी एक बदल झाला, तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाले, त्यात बोलणे आणि इंटरनेट असे दोन वेगळे मार्ग नव्हतेच. आवाजही नेटच्याच वाटेने जाऊ लागला. आधी २०१५ साली व्हॉट्सअ‍ॅपवर बोलण्याची सोय आली होती. त्याही आधी, २००३ सालच्या ऑगस्टमध्ये, स्काइप सुरू झाले होते. कॉलेज रोडवरच्या नेट कॅफेत कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या मुलाशी बोलणारे आजोबा अनेकांना आठवत असतील. ते स्काइप ५ मे २०२५ला बंद झाले. त्याचे काम आता दहा-वीस अ‍ॅप मिळून करतात.

घरच्या घरी हे बोलणे सोपे आहे. आवाज तुटला तर आपण म्हणतो, ‘थांब, पुन्हा लावतो.’ पण एखाद्या धंद्यातली पंचवीस-तीस माणसे दोन राज्यांत, आठ-दहा तालुक्यांत पसरलेली असतील आणि त्यांचे सगळे बोलणे नेटवरून चालवायचे असेल, तर गोष्ट वेगळी होते. वाचकहो, आज त्याबद्दल लिहायचे आहे. हा विषय ऑफिसचा वाटेल. पण त्यातला निम्मा भाग तुमच्या-आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत घडतो, म्हणून या पानावर.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. शेतीपंप आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणे, बसवणे, दुरुस्त करणे हा व्यवसाय. घरचा कर्ता पुरुष सगळ्यांचा अण्णा, आणि हिशेबापासून माणसांपर्यंत सगळे सांभाळणारी त्याची बायको सगळ्यांची अक्का. दुकानात पाच जण. सतरा मेस्त्री खानापूर, निपाणी, गोकाक, अथणी, गडहिंग्लज, जत अशा भागांत फिरणारे. आणि तक्रारींचे फोन घेणाऱ्या चार जणी. या चौघी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसून काम करू लागल्या आणि नंतरही घरूनच करत राहिल्या. दोघींची मुले लहान, एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घरून काम म्हणूनच त्यांना नोकरी जमत होती.

अडचण अशी, की या चौघींचे स्वतःचे नंबर गिऱ्हाइकांकडे गेले. एकदा नंबर गेला की त्याला वेळ-काळ राहत नाही. पंप रात्री बंद पडतो, कारण वीज रात्री येते. तेव्हा अकरा वाजता फोन येणे एक वेळ समजू शकते. पण कामाचा फोन झाल्यावर सकाळी ‘गुड मॉर्निंग’ची फुले, मग फोटो बघून ‘तुम्ही कुठल्या?’, मग मध्यरात्री मिस्ड कॉल, असा प्रकार सुरू झाला. चौघींत सर्वांत धाकटी होती तिचे वडील एक दिवस दुकानात येऊन उभे राहिले. “अक्का, पोरीचा नंबर गावभर झालाय. तो आता परत कसा गोळा करायचा? आम्ही तिची नोकरी बंद करतोय.” मुलगी कन्नड-मराठी दोन्ही सफाईने बोलणारी, कामात चोख. चूक तिची नाही, आणि नोकरी मात्र तिचीच जाणार.

अण्णांची काळजी वेगळी होती. त्यांचा एक जुना मेस्त्री नोकरी सोडून गेला आणि त्याच्या सिमबरोबर चार तालुक्यांतली गिऱ्हाइकेही गेली. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच निघाले : नंबर माणसाचा नको, कंपनीचा हवा, आणि तो कुठल्याही माणसाच्या फोनवर वाजता यावा.

पूर्वी मोठ्या कचेरीत ऑपरेटरबाई बसत आणि ‘साहेबांना जोडते’ म्हणून एक्स्टेन्शन लावत, ते आठवा. आता ते एक्स्चेंज म्हणजे एका कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम. तो दुकानात नसतो, सेवा देणाऱ्या कंपनीकडे कुठल्या तरी शहरात असतो. प्रत्येकाच्या मोबाइलवर एक अ‍ॅप, तेच त्याचे एक्स्टेन्शन. गिऱ्हाइकाने एकच नंबर लावायचा. आत तो फोन शहापुरात भाजी चिरत बसलेल्या मुलीकडे जातो की खानापुरातल्या मेस्त्रीकडे, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. इकडून फोन केला तरी पलीकडे दिसतो तो कंपनीचाच नंबर. टॅक्सीवाल्याला किंवा पार्सलवाल्याला फोन केल्यावर आपला नंबर त्याला दिसत नाही, तीच ही युक्ती. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे लॉगिन बंद, नंबर जागच्या जागी.

हे ऐकायला छान आहे. करताना पहिला प्रश्न येतो तो आवाजाचा.

नेटवरून बोलताना आपला आवाज सलग जात नाही. त्याचे तुकडे होतात, साधारणपणे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा पाकिटात घालून, वर पत्ता लिहून पाठवला जातो. जुन्या पद्धतीत एका तुकड्यात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ता. आवाज दाबून बसवणारी एक पद्धत आहे, तिच्यात आवाज अवघा २० बाइटचा आणि पत्ता मात्र तोच ४०चा. पत्रापेक्षा पाकीट जड! २०१२ साली ओपस नावाची पद्धत प्रमाण ठरली. ती रस्ता पाहून आवाजाचे वजन कमी-जास्त करते, म्हणून आजकालची बहुतेक अ‍ॅप तीच वापरतात. हिशेब केला तर जुन्या पद्धतीने तासभर बोलण्याला, जाणारे आणि येणारे मिळून, ७२ एमबी लागतात. ओपसने बेताच्या वजनात बोलले तर त्याच्या निम्मे. रोजचा दीड जीबीचा पॅक असणाऱ्याला हे काहीच नाही. त्यामुळे ‘नेट लई खातंय’ ही तक्रार अक्कांनी पहिल्याच दिवशी कागदावर हिशेब मांडून मोडून काढली.

खरी अडचण असते वेळेची. व्हिडिओ पाहताना नेट अडखळले तर चित्र क्षणभर थांबते आणि पुढे चालू होते, कारण पुढचा भाग आधीच आणून ठेवलेला असतो. बोलण्याचा पुढचा भाग आधी कुठून आणणार? तो अजून माणसाच्या तोंडात आहे. उशिरा पोचलेला तुकडा म्हणजे लग्न लागल्यावर आलेली पत्रिका. ती फेकूनच द्यायची. म्हणून हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्याच्या भानगडीत नेटकॉल पडत नाही. थोडेसे हरवले तर कान ते सांभाळून घेतो. पण तुकडे मागे-पुढे येऊ लागले, की अ‍ॅपला ते दारात अडवून ओळीत लावावे लागतात आणि तेवढा उशीर वाढतो. इकडून निघालेला शब्द तिकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. ४००च्या पुढे जाऊ देऊच नये. उशीर वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात आणि दोघांनाही वाटते समोरचा उद्धट आहे. ‘हलो, केळिस्ता इल्लरी’ आणि ‘हां, बोला की हो’ यांची मारामारी सुरू होते. गिऱ्हाईक चिडते ते पंपावर नाही, या उशिरावर.

इथे कुणी विचारेल, की आपल्या साध्या फोनचाही आवाज हल्ली नेटनेच जातो, मग तो का तुटत नाही? कारण त्याला राखीव जागा आहे. मोबाइल कंपनी आपल्या जाळ्यात स्वतःच्या कॉलला आधी वाट देते. अ‍ॅपवरचा कॉल म्हणजे एस.टी.त आरक्षण न करता चढलेला प्रवासी. गाडी रिकामी असेल तर ऐसपैस, आणि संध्याकाळी सात वाजता, गावातली सगळी पोरे क्रिकेट बघत असताना, दांडीला लोंबकळत.

पण पहिल्या पंधरवड्यात अक्कांच्या वहीत सर्वाधिक वेळा लिहिले गेलेले वाक्य आवाजाबद्दल नव्हते. ते होते, ‘फोन वाजलाच नाही.’ मेस्त्री शपथेवर सांगत, की फोन हातात होता, रेंज होती, तरी वाजला नाही. अण्णांना वाटे, थापा मारतायत. थापा नव्हत्या. साधे सिम टॉवरशी कायम बांधलेले असते. अ‍ॅप तसे नसते. ते झोपते, आणि कॉल आला की बाहेरून निरोप येऊन त्याला उठवावे लागते. आता आपले अँड्रॉइड फोन, त्यातही स्वस्तातले, बॅटरी वाचवण्याच्या नादात न वापरलेल्या अ‍ॅपला गाढ झोपवतात, काही तर मारूनच टाकतात. निरोप येतो आणि दारातून परत जातो. उपाय साधा आहे, पण प्रत्येक फोनवर हाताने करावा लागतो : सेटिंगमध्ये जाऊन त्या एका अ‍ॅपवरचे बॅटरीचे बंधन काढायचे, फोन चालू होताना ते आपोआप सुरू व्हावे ही परवानगी द्यायची, नोटिफिकेशन आणि माइक यांना होकार द्यायचा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये हे वेगळ्या जागी लपवलेले असते. सतरा मेस्त्र्यांचे सतरा फोन म्हणजे नऊ प्रकारची सेटिंग! शिवाय फोनचा मोठा अपडेट आला की यातले काही पूर्ववत होऊन बसते. माझ्या मते, नेटकॉल लावून देणाऱ्या माणसाला पैसे द्यायचे तर ते याच कामाचे द्यावेत. सर्व्हर उभा करणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. माणसांचे फोन सरळ करणे महिन्याभराचे.

घरून काम करणाऱ्या चौघींचे दुखणे निराळे. त्यांच्या घरी वायफाय होते, पण ते सबंध घराचे. मुलगा कॉलेजचा प्रोजेक्ट वर चढवू लागला किंवा दिराने लग्नाचे फोटो पाठवायला घेतले, की आईचा आवाज गिऱ्हाइकाला तुटक जाऊ लागे. तिला स्वतःला मात्र पलीकडचे स्वच्छ ऐकू येई, कारण घरच्या नेटची आत येणारी वाट मोकळी आणि बाहेर जाणारी अडलेली. काही राउटरमध्ये बोलण्याला आधी वाट देण्याची सोय असते, ती चालू करता येते. नसेल तर घरात ठरवून घ्यावे, की अकरा ते एक मोठे काही पाठवायचे नाही. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड. माजघरातला राउटर परसदारच्या खोलीत पोचतच नाही. एकीने तारेने जोडून दुसरे यंत्र बसवले, दुसरीने सरळ बसायची जागा बदलली. वीज गेल्यावर राउटर बंद पडू नये म्हणून मिळणारी लहान बॅटरी मात्र चौघींनाही कंपनीने घेऊन दिली, आणि ते योग्यच झाले. कामासाठी लागणारी वस्तू कामगाराने आपल्या पगारातून आणावी, हा रिवाज घरून कामाच्या नावाखाली फार बोकाळला आहे.

वायफायची आणखी एक खोड. माणूस बोलत बोलत घराबाहेर पडतो, तरी फोन घरच्या वायफायचा पदर सोडत नाही. फाटकापर्यंत ते एका कांडीवर लोंबकळते आणि तेवढ्यात बोलणे मुके होते. काही अ‍ॅप वायफायवरून मोबाइल नेटवर न तुटता जातात, काही जात नाहीत. अ‍ॅप निवडताना ही परीक्षा जरूर घ्यावी : फोन लावायचा, आणि चालत घराबाहेर, गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. माहितीपत्रकातल्या दहा पानांपेक्षा ही दोन मिनिटे जास्त सांगतात. मेस्त्र्यांना तर अक्कांनी सांगूनच टाकले आहे, की घरातून निघताना चप्पल घालायची, वायफाय बंद करायचे.

आणि जिथे नेटच नाही तिथे? खानापूर तालुक्यात जांबोटी सोडून कणकुंबीकडे, चोर्ल्याच्या घाटाकडे निघालेल्या माणसाला हे विचारायला नको. डोंगर आणि रान यांच्यापुढे कुठल्याही अ‍ॅपचे काही चालत नाही. अशा ठिकाणी कित्येकदा साधा कॉल लागतो, पण नेट हलत नाही. म्हणून नेटकॉलच्या बरोबरीने साध्या कॉलचा आडमार्ग ठेवावाच लागतो. अ‍ॅपवर वीस सेकंद वाजून कुणी उचलले नाही, तर एक्स्चेंजने तोच कॉल मेस्त्रीच्या साध्या नंबरवर वळवायचा. उलट बाजूने, मेस्त्रीने गिऱ्हाइकाला फोन करायचा असेल, तर त्याने ऑफिसला मिस्ड कॉल द्यायचा. एक्स्चेंज त्याला साधा फोन करते, मग गिऱ्हाइकाला करते आणि दोघांना जोडून देते. दोन्हीकडे साधाच कॉल, पण नंबर झाकलेला. यात दोन कॉलचे पैसे पडतात. अण्णांनी आधी कुरकुर केली. मग रानातल्या मेस्त्र्यांपुरतीच ही सोय ठेवायची, असे ठरले.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण इथे स्वस्ताईच्या मोहाने लोक फसतात. भारतात नेटवरून बोलण्याला मर्यादित परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ पासून. कॉम्प्युटरवरून देशातल्या साध्या फोनवर कॉल करणे तेव्हा चालत नसे. २०१८च्या जूनमध्ये परवान्यांच्या अटी बदलल्या आणि ती वाट उघडली; जुलैत बीएसएनएलने विंग्ज ही अ‍ॅपवरून बोलण्याची सेवा जाहीर केली. कॉल सेंटरसारख्या धंद्यांना घरून काम करवून घेण्यावर पूर्वी जाचक अटी होत्या, त्या नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ अशा दोन टप्प्यांत सैल झाल्या. मात्र एक गोष्ट बदललेली नाही. नेटवरचा कॉल साध्या फोनच्या जाळ्यात सोडायचा, तर तो परवानाधारक कंपनीतूनच. खोलीत शेपन्नास सिमांची पेटी ठेवून परदेशातले नेटकॉल स्थानिक म्हणून सोडणाऱ्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात, त्या बातम्या आपण वाचतोच. ‘निम्म्या दरात देतो’ म्हणणाऱ्याला आधी परवाना विचारावा, आणि घेतलेला नंबर कुठे, कसा वापरता येईल हे लेखी घ्यावे. लँडलाइनच्या नंबराचे नियम वेगळे, मोबाइलच्या नंबराचे वेगळे. आणखी एक : जाहिरातीच्या कॉलसाठी १४० पासून सुरू होणारे नंबर आहेत. तसला नंबर दिसला की आपण काय करतो? उचलत नाही. तेव्हा दुरुस्तीच्या निरोपाचा नंबर आणि जाहिरातीचा नंबर एकत्र करू नये. ०८३१ दिसले की बेळगावचा माणूस अजून फोन उचलतो.

सुरक्षेबद्दल एवढेच, की परदेशी कॉलची सोय गरज नसेल तर पहिल्याच दिवशी बंद करून टाकावी. सोपा पासवर्ड शोधून रात्रीतून दुसऱ्याच्या एक्स्चेंजमधून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल करायचे, हा चोरांचा जुना धंदा आहे, आणि बिल येते ते मालकाच्या नावावर. मेस्त्र्यांना एक गोष्ट मात्र तोंडपाठ करून घ्यावी. अपघात, आग, विजेचा धक्का असे काही झाले तर ११२ हा नंबर अ‍ॅपवरून लावायचा नाही. फोनच्या साध्या डायलरवरून लावायचा. अ‍ॅपचा कॉल कुठल्या शहरातल्या सर्व्हरमधून बाहेर पडेल याचा भरवसा नसतो, आणि मदत पाठवणाऱ्याला आधी तुम्ही कुठे आहात हे कळायला हवे.

आता घराकडे येतो. नंबर झाकला गेला, धाकट्या मुलीचे वडील राजी झाले, ती कामावर राहिली. पण दोन महिन्यांनी वेगळीच तक्रार आली, आणि ती चौघींतल्या थोरलीच्या नवऱ्याकडून. तो अक्कांना म्हणाला, “वहिनी, आधी हिच्या फोनवर लोक त्रास द्यायचे. आता कंपनीच देतीया. जेवायला बसलं की अ‍ॅप वाजतंय.” हे खरे होते. ऑफिसचा फोन ऑफिसात असतो तेव्हा संध्याकाळी सहाला कुलूप लागते. फोन खिशात आला की कुलूप लावायचे कुणी?

अँड्रॉइड फोनवर याची सोय २०१४ पासून आहे, पण फार कमी लहान धंदे ती वापरतात. फोनचे दोन कप्पे करता येतात : एक घरचा, एक कामाचा. कामाच्या कप्प्यातल्या अ‍ॅपवर छोट्या बॅगेची खूण दिसते. तो कप्पा एका बटणाने बंद करता येतो. मग कंपनीचे अ‍ॅप वाजत नाही, निरोप येत नाही, सगळे सकाळपर्यंत गप्प. स्वतःच्या फोनवर असा कप्पा केला, तर कंपनीला घरच्या बाजूचे फोटो, निरोप काही दिसत नाही. नोकरी सोडल्यावर कंपनी पुसून टाकू शकते तो फक्त कामाचा कप्पा. त्यासाठी फोन सांभाळणारा एक प्रोग्राम कंपनीला घ्यावा लागतो, त्याचे दर महिन्याला काही पैसे असतात. कामावर ठेवताना ‘फोनचा सगळा ताबा आम्हाला द्या’ असे सांगणारेही मालक आहेत. माणूस स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन घेऊन येत असेल, तर असा ताबा मागू नये, आणि कुणी मागितला तर घरच्यांनी आधी विचारावे, की कशासाठी. हीच गोष्ट रेकॉर्डिंगची. कॉल रेकॉर्ड होतो हे गिऱ्हाइकालाही सांगायचे आणि बोलणाऱ्या मुलीलाही. माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, पण कायदा नसता तरी सांगायला हवेच होते. तो आवाज तिच्या घरातला आहे, मागे रडणारे पोर तिचे आहे.

अक्कांनी वेळापत्रक केले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात चौघी पाळीने. सातनंतर एकच जण, आठवड्याला आळीपाळीने, आणि तिला त्या आठवड्याचे वेगळे पैसे. रात्री दहानंतर एक्स्चेंज निरोप टिपून ठेवते, सकाळी पहिल्या पाळीला देते. अण्णा म्हणाले, रात्री पंप बंद पडला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. अक्का म्हणाल्या, “जाऊ दे. रात्री दहाला आपला मेस्त्री तरी कुठं जाणार हाय?” हा हिशेब मला पटला. जिथे रात्री मदत पोचवता येत नाही, तिथे रात्री फोन उचलायला माणूस बसवणे म्हणजे नुसते शिव्या खायला बसवणे.

भाषेचे लिहिल्याशिवाय हा विषय संपत नाही. यंत्राने फोन उचलायचा म्हटले, की ‘मराठीसाठी एक दाबा, कन्नडसाठी दोन दाबा’ आलेच. आणि आधी एक कुणाला, दोन कुणाला? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. सेवा देणाऱ्याने सुचवले, की फोन कुठल्या सर्कलचा आहे ते पाहून यंत्र भाषा ठरवेल : कर्नाटकाचा नंबर असेल तर कन्नड, महाराष्ट्राचा असेल तर मराठी. बंगळूर-पुण्यात बसून हे सुचणे सोपे आहे. खानापूर-निपाणीचा शेतकरी कर्नाटकाच्या सिमवरून मराठी बोलतो, आणि जत तालुक्यातला महाराष्ट्राच्या सिमवरून कन्नड. कित्येकजण तर तक्रार कन्नडात सांगतात, पैशाची घासाघीस मराठीत करतात आणि आकडे इंग्रजीत मोजतात.

अक्कांनी यंत्राला बोलूच दिले नाही. फोन थेट माणसाकडे जातो, आणि मुलगी पहिला शब्द ‘नमस्कार’ म्हणते. तो दोन्ही भाषांत चालतो. समोरचा ज्या भाषेत उत्तर देईल त्या भाषेत पुढे. चौघींपैकी एकीला कन्नड जेमतेम येते, म्हणून एक्स्चेंजमध्ये एवढेच ठेवले आहे, की गिऱ्हाईक मागच्या वेळी ज्या मुलीशी बोलले होते तिच्याकडेच फोन आधी जावा. ती मोकळी नसेल तरच दुसरीकडे. जतच्या गिऱ्हाइकांना आता आवाज ओळखीचा झाला आहे; ते पंपाचे सांगण्याआधी ‘ऊट आयतेन्री?’ म्हणून जेवणाची चौकशी करतात.

गोकाक-अथणीचे पाच मेस्त्री अजून जुन्याच सिमवर आहेत. त्यातल्या दोघांकडे बटणांचे साधे फोन आहेत आणि त्यांना दुसरे नको आहेत. ऊस कारखान्याला गेला की बाकी तिघांचे फोन बदलायचे, आणि या दोघांना रानातल्यासारखाच मिस्ड कॉलचा आडमार्ग द्यायचा, असे अक्कांच्या वहीत लिहिलेले आहे.